अंतरपाटाआडचा चेहरा

बहिणीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी तिच्या मुलीचा चेहरा कसा होतो, तेवढं टिपून आण.

ती कात्रजकडच्या एका इस्पितळात होती. उठून बसायचीही परवानगी नव्हती, आणि लग्न पुढे ढकलायचं नाही असं तिनेच सगळ्यांना बजावलं होतं. त्या वॉर्डात पेशंटजवळ फोन ठेवू देत नसत, त्यामुळे थेट दाखवणं शक्य नव्हतं.

"संध्याकाळी येईलच ना ती तुला भेटायला," मी म्हणालो.

"तेव्हा ती मला बघून रडेल, दादा. मला तो चेहरा नकोय."

मेहुणे आपल्याकडूनही फोटोग्राफर बोलवू या म्हणत होते. मीच अडवलं. माझ्याकडे चांगला कॅमेरा होता आणि भाचीचं लग्न होतं. पण खरं सांगायचं तर त्या कॅमेऱ्यातलं मला फारसं कळत नव्हतं. डोळा लावला की आत बऱ्याच खुणा दिसतात. त्यांपैकी मी एकच शिकलो होतो, खालच्या कडेचा हिरवा ठिपका. बटण अर्धं दाबायचं. फोकस सापडला की ठिपका स्थिर पेटतो, नाही सापडला तर लुकलुकत राहतो. चित्रावर अधूनमधून लाल होणारे बारीक चौकोनही असतात. फोकस नेमका कशावर बसलाय ते हे चौकोन सांगतात. मला ते नक्षीसारखे वाटायचे. माहितीपुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून मी कधी काढलीच नाही.

वारज्याच्या कार्यालयात मुलाकडचा फोटोग्राफर नवरीच्या मागून नवऱ्यावर कॅमेरा रोखून होता. म्हणून मी नवऱ्याच्या मागे गेलो. मामाने नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. तिथे चुलत भावाला उभं केलं.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "मामा, पक्ष बदललात वाटतं?"

"आज कॅमेरामन आहे, गुरुजी."

"असं होय! मग मंगलाष्टकं कॅमेऱ्याला विचारूनच सुरू करू."

लोक हसले, मीही हसलो. चष्मा कॅमेऱ्यावर आपटतो म्हणून खिशात ठेवला होता, त्यामुळे मला सगळंच थोडं धूसर दिसत होतं. माझी भिस्त ठिपक्यावर होती. अंतरपाटाच्या कोऱ्या पांढऱ्या कापडावर बटण अर्धं दाबलं तर तो नुसता लुकलुकत राहिला. भिंग पुढेमागे फिरत होतं, त्याला धरायला काही मिळत नव्हतं. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. मग कापडावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाकडे कॅमेरा वळवला. ठिपका लगेच स्थिर झाला. मी बोट तसंच अर्धं दाबून धरलं. अंतरपाट निघाला, अक्षता उडाल्या, मी बोट पुरतं न उचलता सारखं बटण दाबत राहिलो. ठिपका शेवटपर्यंत हिरवा होता.

जेवणाच्या पंगती बसल्यावर चष्मा लावून फोटो पाहिले. हवेतल्या अक्षता लख्ख आल्या होत्या, एकेक तांदूळ सुटा दिसत होता. त्यामागे मुंडावळ्यांच्या जागी पांढरट रेघा आणि चेहऱ्याच्या जागी विरघळलेलं काहीतरी. सगळ्या फोटोंत तेच. कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि फोटोवर लाल चौकोन उमटला, जिथे स्वस्तिक होतं बरोबर तिथे. कॅमेऱ्याने मला तेव्हाच सांगितलं होतं. कापड गेलं तरी फोकस कापडाच्याच जागी राहिला होता.

मग पाहुण्यांचे फोन मागत फिरलो. बऱ्याच जणांनी ताट बाजूला सारून फोन काढून दिला. त्यांत उंचावलेले हात होते, फेट्यांची टोकं होती, आणि नवरीच्या चेहऱ्यावर आडवी माझी पाठ.

"मामा, तुम्हीच मधे होतात ना," एक मुलगी म्हणाली. तिने ते सहज म्हटलं होतं. मला भाचीसमोर जायचं धाडस झालं नाही. मी तसाच रिक्षात बसलो. बायपासला गाड्या खोळंबल्या होत्या. जरा उशीर झाला तर बरं, भेटीची वेळ संपेल, असंही मनात येऊन गेलं. सख्ख्या बहिणीबद्दल.

वेळ संपली नव्हती. नर्स म्हणाली, "पटकन दाखवा हं, त्यांना दमवू नका."

बहिणीने आपला चष्मा मागून घेतला. मी कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला. ती बराच वेळ पाहत होती.

"तांदूळ छान आलेत," ती म्हणाली.

मी सगळं सांगून टाकलं. ठिपका, चौकोन, माझा हट्ट, पाहुण्यांच्या फोनमधली माझी पाठ. तिने डोळे मिटले.

"जाऊ दे. तू समोरच होतास ना? तूच सांग, कशी दिसत होती?"

"शालू अगदी शोभत होता. नथ..."

"शालू मीच निवडलाय. नथ माझीच आहे. चेहरा सांग, दादा."

ती वाट पाहत होती. आठवायचा मी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. अंतरपाट निघाला तेव्हा भाची माझ्यापासून चार हातांवर होती, आणि मी फक्त ठिपका हिरवा आहे की नाही ते पाहत होतो.

"हसली," मी म्हणालो.

बहिणीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून माझ्या हातात दिला.