रंगाला जपणारी माणसं

आपल्या नव्या गाडीचा रंग टिकावा म्हणून ज्यांनी ज्यांनी त्यावर कोटिंग मारून घेतलं आणि ते मारणाऱ्या माणसाकडे एकदाही वळून पाहिलं नाही, त्या सगळ्यांवर माझा आरोप आहे. नावं घेत नाही. ज्याचं त्याला कळेल. खरं तर कळणार नाही, हेही मला माहीत आहे.

सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या एका गॅरेजात मी दोन वर्षं काउंटरवर होतो. रंगखोलीत एक भिंत होती. स्प्रे गन नीट चालते का हे बघायला तिच्यावर एक फवारा मारायचा, अशी पद्धत. वर्षानुवर्षांचे फवारे साठून बोटभर जाड थर झाला होता. किस्सेही असेच साठतात. वरवरचे हसत सांगता येतात, खाली खरवडत गेलं की हसू थांबतं.

आमचे मालक अप्पा. मी केमिस्ट्री घेऊन पदवीधर झालेला, म्हणून मला हाक मारायचे 'बीएस्सी'. रंगारी एकच, उस्मानभाई. त्यांनी रंगवलेल्या बोनेटमध्ये बघून गिऱ्हाईक भांग पाडायचं! पण खोकल्याने ते वाकून जात. दवाखान्यात स्पष्ट सांगितलं होतं, "गन सोडा, नाहीतर छाती जाईल."

मी विचारलं, "मग सोडत का नाही?"

"गन छोडा तो मैं कौन, बाबू? फडकं मारनेवाला!"

त्याच सुमारास अप्पांनी मुंबईहून नव्या गाड्यांवर गनने मारायच्या पारदर्शक कोटिंगचे डबे आणले. जो तो काउंटरवर येऊन मला विचारायचा, "घेण्यासारखं आहे का हो?" दर 'हो' म्हणजे उस्मानभाईंच्या छातीत आणखी एक दुपार. म्हणून मी ठरवलं, जमेल तेवढ्यांना परतवायचं.

*

पहिला माणूस उस्मानभाईंनीच परतवला! एका वकिलांना अप्पा समजावत होते, "सायेब, पावसाचा थेंब रंगावर टिकणार न्हाय."

दुष्काळाचं साल. शहरात नळाला दिवसाआड पाणी. उस्मानभाई मागून म्हणाले, "वकीलसाब, थेंब किधर है? पहले वो तो मंगाव मुंबई से!"

वकील पोट धरून हसले आणि गाडी घेऊन गेले. अप्पा हसले नाहीत.

"उस्मान, तोंड गनसारखं ठेव. मी ट्रिगर दाबला तरच उघडायचं!"

*

मी शास्त्राचा मार्ग धरला. एका जुन्या बोनेटच्या अर्ध्या भागावर कोटिंग मारून घेतलं, अर्धा तसाच ठेवला आणि बोनेट पत्र्यावर उन्हात टाकलं. सोलापूरचं ऊन! उन्हाळा संपल्यावर उतरवलं, तर कोटिंग केलेला अर्धा भाग हळदीसारखा पिवळा. दुसरा जसाच्या तसा!

मी विजयाने ते अप्पांना दाखवलं. अप्पांनी निरखून बघितलं, खूश झाले आणि बोनेट दर्शनी भिंतीला टेकवून ठेवलं. पुढच्या गिऱ्हाइकाला बोटाने पिवळा भाग दाखवत म्हणाले, "बघा, कोटिंग न्हाय केलं की असं हुतंय!"

*

डब्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलं होतं : मोकळ्या हवेत वापरा, नाक-तोंड झाका. मी अप्पांना मराठीत वाचून दाखवलं.

"ते सायबाच्या देशातल्या लोकांसाठी, बीएस्सी. तितं गूळ कुटं मिळतुय?"

काम संपलं की उस्मानभाईंना गुळाचा खडा मिळायचा. गुळाने छातीतला रंग उतरतो म्हणे. आमच्या केमिस्ट्रीत हा धडा नव्हता.

महिनाभर मी अप्पांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे रंगखोलीत हवा बाहेर ओढणारा पंखा बसला. तो चालला तीन दिवस. पंख्याच्या ओढीने दाराच्या फटीतून धूळ आत आली आणि एका गाडीच्या ओल्या रंगावर बसली. गाडीच्या मालकीणबाईंनी चार कण मोजून दाखवले! चौथ्या दिवशी पंखा निघाला आणि गिऱ्हाइकांच्या खोलीत लागला. आता लोक वाऱ्यात बसून विचार करू लागले, कोटिंग घ्यावं की नको.

*

एकदा माझे कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर नवी गाडी घेऊन आले. मला वाटलं, देव आला! मी त्यांना पिवळ्या बोनेटचं खरं सांगितलं, डब्यावरची सूचना वाचून दाखवली, उस्मानभाईंचा खोकला ऐकवला. सरांनी तोंडी परीक्षेसारखं सगळं ऐकून घेतलं.

"अगदी बरोबर. रंगाला उपयोग शून्य, फुप्फुसाला घातक. पैकीच्या पैकी मार्क तुला!"

मग अप्पांकडे वळून म्हणाले, "मारून टाका. शेजाऱ्यांच्या गाडीला आहे. घरी रोज ऐकावं लागतं हो."

*

शेवटी मी पुण्याहून रबरी मास्क मागवला. उस्मानभाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. डोळे भरून आले त्यांचे. पण गॅरेजात एकदाही लावला नाही.

ईदला त्यांच्या घरी शिरखुर्मा प्यायला गेलो. काचेच्या कपाटात, चिनी मातीच्या कपांशेजारी, मास्क होता. प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढलेला नव्हता.

मी ओरडलोच. ते ओशाळून म्हणाले, "इत्ती नवी चीज, बाबू. कलर लग जाता ना!"

*

नंतर एक डॉक्टर आले. हस्तिदंती रंगाची कोरी गाडी. मी काही बोलायच्या आत "करून टाका" म्हणाले आणि गेले. दुपारी ड्रायव्हरला घेऊन गाडी न्यायला परतले, तेव्हा उस्मानभाई शेवटचा हात मारत होते.

गन जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

आम्ही आत धावलो. उस्मानभाई चाकाशेजारी बसले होते, तोंड उघडं, श्वास मात्र आत जात नव्हता. ओठ निळे पडलेले. डॉक्टर शर्टाची पर्वा न करता खाली बसले, छातीला कान लावला आणि ओरडले, "ऑक्सिजन लागेल. उचला, माझ्या गाडीत घाला!"

मी गाडीच्या काचांवर चिकटवलेले कागद टराटरा फाडले. अप्पांनी आणि डॉक्टरांनी उस्मानभाईंना उचललं. मी दाराकडे हात नेला.

ड्रायव्हर मध्ये आला.

"ओ, दाराला हात नका लावू. वलं हाय अजून."