मतदार अजून घरी पोचलेला नाही

माझ्या मावशीला गल्लीत ‘भोंगा’ म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, एवढी अक्कल गल्लीला आहे. तिचं इस्त्रीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक लांब टेबल, त्यावर जुनं जाड ब्लँकेट, भिंतीला टेकवलेले कपड्यांचे गठ्ठे, आणि रस्त्याकडे तोंड करून इस्त्री फिरवणारी ती. कचऱ्याची गाडी उशिरा आली की ती बोलते, कोणाचा कुत्रा कोणाच्या दारात बसला की बोलते. लोकांना वाटतं स्वभावच तसा. मला विचाराल तर तिचा नाइलाज आहे. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, कधी काही बोलतच नाहीत. दोघांच्या वाटचं तिला एकटीलाच बोलावं लागतं.

काका वीज कंपनीत मीटर वाचायचे. आयुष्यभर दारोदार फिरले. गल्ली न् गल्ली पायांखालची. मग पाठीच्या मणक्याचं दुखणं झालं, पाय गेले, आणि चाकांची खुर्ची आली. तरी माणूस हरला नव्हता. मावशी रोज संध्याकाळी त्यांना चौकापर्यंत न्यायची, तिथं ते तासभर लोक बघत बसायचे. पण ते सुख गटारानं संपवलं.

गटाराची गोष्ट अशी. मागच्या निवडणुकीच्या तोंडावर आमदारसाहेबांना एकदम आठवलं की आपण या गल्लीला गटाराचा शब्द दिला होता. घाईघाईनं फीत कापली, फोटो काढले, आणि सगळ्या घरांच्या पायऱ्या तोडून समोर माणूसभर खोल चर खणला. तेवढ्यात आचारसंहिता लागली आणि काम थांबलं. निवडणूक झाली, साहेब निवडून आले, काम सुरू झालं. म्हणजे चर आणखी रुंद झाला. मग साहेबांना वरची खुर्ची मिळाली, त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, जागा रिकामी पडली, पोटनिवडणूक जाहीर झाली आणि पुन्हा आचारसंहिता. एका माणसाला खुर्ची बदलायची होती म्हणून दुसऱ्याची खुर्ची घरात अडकली.

बाकीच्यांनी चरावर फळ्या टाकल्या आणि डोंबाऱ्यासारखे ये-जा करू लागले. फळीवरून चाकांची खुर्ची जात नाही. एकदा प्रयत्न केला तर खुर्ची कलंडली, काकांचा खांदा निखळता निखळता राहिला. एकदा चार शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून पलीकडे नेलं. परत आल्यावर काका एवढंच म्हणाले, “कपाट हलवतात तसं वाटलं.” त्यानंतर त्यांनी बाहेरचं नावच काढलं नाही. मावशीनं स्वतःच्या खर्चानं चरावर सिमेंटचा उतार बांधायला घेतला, तर गटाराच्या कामावरच्या इंजिनिअरनं येऊन तो तोडला. सरकारी कामात अडथळा म्हणे.

मावशी त्याच्या कार्यालयात गेली. मी सोबत होते, तिनं कोणाला मारू नये म्हणून.

“बाई, आचारसंहिता आहे,” इंजिनिअर म्हणाला. “मी वीटसुद्धा हलवू शकत नाही.”

“मागच्या वेळीही हीच होती. ही काय साथ आहे का, दर थोड्या दिवसांनी पसरायला?”

“निकालानंतर या.”

“मागच्या निकालानंतर आले होते.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. अशा माणसांशी काय बोलणार? त्यांचं सगळं नियमात बसलेलं असतं, फक्त आपण बसत नाही.

मग उमेदवार येऊ लागले. एक आला, चर बघून हळहळला. दुसरा आला, पहिल्याच्या पक्षानं चर खणला म्हणून हळहळला. तिसऱ्याचा पाय फळीवरून सटकला, तो मनापासून हळहळला. गाड्यांवरचे कर्णे दिवसभर गल्लीचं डोकं उठवत होते आणि मावशी त्यांच्या वरताण आवाजात त्यांना उत्तरं देत होती. काका आत खिडकीशी बसलेले. त्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसते, दुसरं काही नाही.

आणि एके दिवशी निवडणूक कार्यालयातली एक अधिकारी बाई आली. तरुण, सडसडीत, गळ्यात ओळखपत्र. चालता न येणाऱ्या मतदारांचं मत आम्ही घरी येऊन घेतो, म्हणाली.

मावशी तोंड उघडणार, तोच थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय हे मला तिच्या इस्त्रीवरून कळलं. एकाच बाहीवर ती किती वेळ फिरत होती.

“घरी नको,” ती म्हणाली. “त्यांना केंद्रावर जाऊन मत द्यायचंय.”

केंद्र म्हणजे गल्लीच्या टोकाची शाळा. बाईनं चर पाहिला, दाराची उंची पाहिली, आणि तिच्याजवळ याचंही उत्तर होतं. मतदारानं केंद्रावर यायचं म्हटलं तर सोय करणं आमचं काम.

मतदानाच्या आदल्या दिवशी मांडववाला ट्रक घेऊन आला. लोखंडी नळ्या, जाड फळ्या, दोन्ही बाजूंना कठडा. दारापासून निघून भिंतीच्या कडेनं वळून थेट रस्त्यावर उतरणारा झकास रॅम्प एका दुपारीत उभा राहिला. जे महिनोन्‌महिने कायद्यात बसत नव्हतं, ते बसलं. वर पाटी लागली, ‘मतदान केंद्राकडे’. पाटी होती म्हणून इंजिनिअरही गप्प.

अधिकारी बाईनं जाताना मांडववाल्याला बजावलं, “मतदार मत देऊन घरात पोचल्याशिवाय एक नळी काढायची नाही. मागच्या वेळी दुसरीकडे तुझ्या माणसांनी घाई केली आणि म्हातारी आजी रस्त्यावर अडकली.” मांडववाल्यानं कान पकडले. मावशीनं ते वाक्य ऐकलं आणि घडी घालून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. मत दिलं. बोटाला शाई लागली. मी खुर्ची घराकडे वळवली, तर मावशीनं माझं मनगट धरलं.

“घरी नाही. तुझ्याकडे ने.”

“माझ्याकडे कशाला?”

“मतदार घरात पोचल्याशिवाय रॅम्प काढायचा नाही. मग पोचू देऊ नकोस.”

मी कपाळाला हात लावला. पण माझं घर पलीकडच्या गल्लीत, तळमजल्यावर, दाराला उंबराही नाही, आणि मावशीपुढे नाही म्हणायची आमच्या घराण्यात कोणाची छाती नाही. काका माझ्याकडे राहायला आले.

पहिले दोन-तीन दिवस गंमत होती. मी त्यांना रोज फिरवून आणायचे. ते लोकांच्या जिन्याखालचे मीटर बघत आणि म्हणत, “यांच्याकडे नवा हीटर आलेला दिसतो.” इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. इकडे मांडववाला रोज माणूस पाठवायचा. मावशीचं उत्तर ठरलेलं, “मतदार अजून घरी पोचलेला नाही.” त्या बिचाऱ्याचं सामान दुसऱ्या कामावर हवं होतं. तो अधिकारी बाईला फोन लावायचा, बाई नियम सांगायची. नियमावर नियम बसवून मावशीनं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. मी मनात म्हटलं, शाबास.

पण हळूहळू त्यातला मूर्खपणा दिसायला लागला. रॅम्प तिथं होता, काका इथं होते. ज्याच्यासाठी रॅम्प, तो घरी गेला की रॅम्प जाणार. मावशी सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन धापा टाकत येणार, काका जेवताना तिच्याकडे बघत राहणार, ती इंजिनिअरला शिव्या घालत परत जाणार. इतकी वर्षं एका खोलीत झोपलेली ही दोन माणसं सरकारच्या एका चरामुळे वेगळी राहत होती, आणि त्याला आम्ही जिंकणं म्हणत होतो. मला राग येत होता, आणि नेमका कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

निकाल लागला. कोण आलं हे सांगण्यात अर्थ नाही, तिघांपैकी एक आला. गुलाल, गाड्या, कर्णे. आचारसंहिता उठली म्हणून मावशी लगोलग इंजिनिअरकडे गेली. तो म्हणाला, नवे आमदार शपथ घेतील, मग सगळ्या कामांचा आढावा होईल, मग बघू. मावशी माझ्याकडे आली आणि न बोलता खाली बसली. ती न बोलता बसली हे बघून मीच घाबरले.

काकांनी ताट बाजूला सरकवलं. “मला घरी सोड,” ते मला म्हणाले.

“काका, तुम्ही घरात गेलात की ते लोक रॅम्प उचलतील.”

“माहीत आहे. चल.”

मावशीनं डबा आवरायला घेतला. मला वाटलं, संपलं. हा माणूस पुन्हा त्या खिडकीशी जाऊन बसणार, आणि आता कायमचा.

गल्लीत ट्रक उभाच होता. मांडववाल्याची माणसं आम्हांला बघून उठली, हातमोजे चढवले. मी खुर्ची रॅम्पवर घेतली. वळण पार केलं. दार हातभर राहिलं होतं, तेव्हा काकांनी खाली हात घालून चाकाची कळ दाबली. खुर्ची जागच्या जागी थांबली.

“काय झालं?” मी विचारलं.

“इथंच बसतो.”

मांडववाला वर आला. “काका, पोचलात ना आता?”

“नाही पोचलो.”

“हे काय, दार समोर आहे.”

“मी मीटर वाचायचो,” काका म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, हळू. “दारापर्यंत गेलो म्हणजे काम झालं, असं आमच्यात कधी धरलं नाही. आत जाऊन आकडा वाचला, तरच झालं.”

मांडववाल्यानं अधिकारी बाईला फोन लावला. तिनं एकच प्रश्न विचारला, मतदार घरात आहे का. तो म्हणाला, नाही, रॅम्पवर आहे. मग काढू नका, ती म्हणाली, आणि का बसलेत ते इंजिनिअरला येऊन बघायला सांगते.

गल्ली गोळा झाली. फळ्यांवर, पायऱ्यांच्या तुकड्यांवर माणसं येऊन उभी राहिली. इंजिनिअर आला तेव्हा घामानं भिजलेला होता. त्यानं मावशीकडे बघून बोलायला सुरुवात केली, सवयीनं. काकांनी त्याला हातानं जवळ बोलावलं.

“इकडे बोला. बसलोय मी.”

“काका, उद्या काम सुरू करतो. शब्द देतो.”

“बरं. मग उद्यापर्यंत बसतो.”

इंजिनिअरनं वर पाहिलं, खाली पाहिलं. मग बाजूला जाऊन त्यानं कोणाला तरी फोन केला, आणि आधी या एका दारासमोरचं गटार बांधून वर स्लॅब टाकायला सांगितलं. त्याला तेव्हा नियम कुठं आडवा आला नाही. ट्रक रिकामाच गेला. मांडववाला म्हणाला, स्लॅब पडल्यावर येतो, आणि जाताना काकांना पाणी देऊन गेला.

लोक पांगले. मावशी इतका वेळ दारात उभी होती. ती रॅम्पवर आली, खुर्चीशेजारी फळीवर बसली, आणि काकांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरलेले होते आणि ती भयंकर चिडलेली होती.

“एवढं येत होतं तुम्हांला,” ती म्हणाली, “तर इतके महिने मला एकटीला का भांडायला लावलंत?”

काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“तू मधे थांबलीसच कधी?” ते म्हणाले.