सैल वेटोळं

दाजीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. आई एवढंच म्हणाली, "दाजी गेले गो..." मी फोन ठेवला आणि लेसर बंद केला. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

ते माझे चुलते. मिठबावात मासेमारीची जाळी दुरुस्त करायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी नेमकं काय शिकते ते कुणी फारसं विचारत नसे. काका मात्र मला चेडू, म्हणजे मुलगी, म्हणायचे आणि दर सुट्टीत विचारायचे. म्हणून गेल्या गणपतीत मी त्यांच्यासाठी ऑप्टिकल फायबरचा एक उरलेला तुकडा नेला, केसासारखा बारीक, काचेचा. त्यांनी तो हातात घेतला, नवा दोरा पारखावा तशी टोकाला गाठ मारली आणि ओढली. तुटला. "ह्येच्यापरास नायलॉन बरो," म्हणाले खरे, पण चेहरा उतरला होता. मी त्यांना सांगितलं, काका, काच आहे ती, सैल वळवली तर काही होत नाही.

मग मोबाइलवर त्या फायबरच्या कापलेल्या टोकाचा सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो दाखवला. मधे भरीव काच, भोवती रांगेने बारीक भोकं. ही भोकं फायबरच्या लांबीभर जातात, उजेडाला मधेच धरून ठेवतात आणि तिथेच त्याचा लेसर होतो, असं मी अडखळत सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे भायर जाळां, मदी मासो?"

मी हो म्हटलं. याचा उपयोग काय, हेही त्यांनी विचारलं. धातू कापायला, नाजूक शस्त्रक्रियेला... आणि पुढेमागे अशा लेसरने नुसत्या श्वासावरून आजार लवकर ओळखता येईल, पण त्याला अजून बरीच वर्षं लागतील, असं मी म्हणाले. त्यांचा खोकला तेव्हा सुरू झालाच होता.

"मगे बेगीन कर गो," ते हसत म्हणाले, "माझो श्वास आसा तवसर."

त्यांचा आजार कळला तेव्हा फार उशीर झाला होता.

बाराव्यानंतर मी त्यांच्या खोलीत गेले. जाळं विणायची सुई खिळ्यालाच होती. शेजारी जाळं पाण्यावर तरंगत ठेवणारा एक जुना गोल बोया टांगलेला, आणि त्याच्याभोवती तो उरलेला फायबर अगदी सैल गुंडाळलेला. कुठे गाठ नाही, कुठे ताण नाही. काकी दारातून म्हणाली, "कोणाक हात लावूक देय नसत. माझ्या चेडवाचो उजेड आसा, म्हणत."

मी तो तिथेच राहू दिला. आता प्रयोगशाळेत फायबर गुंडाळायला घेतला की माझे हात आपोआप सैल पडतात...