भिंगाखालचं बीड

सुनेनं बिडाचा तवा तापवला की त्या वासानं मी चारकोपच्या कारखान्यात जाऊन उभी राहते. तिथं मशीनचा बिडाचा दांडा तुटून आमच्या ह्यांचा पाय गेला. "वजन जास्त टाकलंस, चूक तुझीच," असं मालक म्हणाला, आणि ह्यांनाही ते खरं वाटायला लागलं.

सरकारी तपासणीवाल्या साहेबानं दांड्याचा तुटका तुकडा घासून भिंगाखाली धरला.

"वहिनी, बघा."

काळे गोल दाणे दिसले. दाण्यांभोवती बारीक भेगा, काही एकमेकींना मिळालेल्या.

"हे एका दिवसाचं नाही. रोजच्या ताणानं भेगा हळूहळू वाढत गेल्यात. तुमच्या ह्यांची चूक नाही."

"मग तसं लिहून द्या ना, साहेब."

तो कागद हॉस्पिटलात नर्सनं ह्यांना वाचून दाखवला. पाय कापला तेव्हा न रडलेला माणूस हुंदके देऊन रडला. मी ओरडले, "आता कशाला रडताय?" तेव्हा खरंच कळलं नव्हतं मला.