चौकशीबाईंचं फ्रेंच

शाईच्या कारखान्यात शिरलं की डाव्या हाताला एक खिडकी होती आणि तिच्यावर 'चौकशी' अशी पाटी. त्या खिडकीमागे एकवीस वर्षं बसलेल्या बाईंचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना चौकशीबाई म्हणत. चौकशीला दिवसाकाठी दोन माणसं आली तरी डोक्यावरून पाणी, आणि त्यांतलं एक पत्ता चुकून आलेलं.

रिकामा वेळ खायला उठायचा. म्हणून त्यांनी रद्दीतून फ्रेंच शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक उचललं आणि दोन वर्षांत त्यातले नेहमीचे प्रश्न घोकून टाकले. सकाळी वेणी घालतानाही "केस्क से? केस्क से?" चालायचं. सासूबाईंना वाटलं, सुनेला केसांची काळजी लागली आहे. त्यांनी न बोलता तेलाची बाटली पुढे सरकवली.

"आई, केस नाही हो! हा फ्रेंच प्रश्न आहे."

"मग उत्तर दे त्याला आणि आवर. नऊ वाजले."

अशात बाटल्यांना लेबलं लावणारं फ्रेंच मशीन बिघडलं. पोटावर लावायची लेबलं ते बाटल्यांच्या बुडाला लावू लागलं. मशीनच्या कंपनीने फ्रान्सहून मेकॅनिक पाठवला. भला उंच, झुबकेदार मिशांचा माणूस, पण फ्रेंच सोडून दुसरं अक्षर येईल तर शपथ. दुभाषा तापाने आडवा पडलेला. त्यात हेड ऑफिसचा हुकूम: मेकॅनिकचा प्रत्येक प्रश्न आणि त्याचं उत्तर फॉर्मवर इंग्रजीत लिहून पाठवा.

"मला येतं फ्रेंच," चौकशीबाई म्हणाल्या. मॅनेजरसाहेबांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसरंच कुणी बोललं की काय म्हणून.

मेकॅनिकने हात पुढे करून खुशाली विचारली. "कोमां ताले वू?"

चौकशीबाईंनी एकेक शब्द सुटा केला आणि तसाच इंग्रजीत मांडला. "हाऊ गो यू?"

"मी? स्कूटरने," साहेब म्हणाले. तेही फॉर्मवर चढलं.

मेकॅनिकने एका वाकड्या पट्टीवर बोट ठेवलं. "केस्क से?"

बाईंचा चेहरा खुलला. "व्हॉट इज इट दॅट इट इज?"

"काय?"

"तेच विचारतोय तो, साहेब."

मग मेकॅनिकने मशीन कधीपासून बंद आहे ते विचारलं. बाईंनी सांगितलं, "सिन्स व्हेन इट डज नॉट वॉक?"

साहेब भडकले. "त्याला म्हणावं, ते कधीच वॉक करत नव्हतं! चार बोल्टांनी जमिनीला आवळलंय!"

संध्याकाळपर्यंत फॉर्मची तीन पानं भरली आणि मशीनचा एक स्क्रू हलला नाही. चौकशीबाई पडलेल्या तोंडाने घरी आल्या. सासूबाई दारात बसल्या होत्या. तेवढ्यात शेजारीण जाता जाता म्हणाली, "काय म्हणता, आजी?"

"बरं चाललंय," सासूबाई म्हणाल्या.

चौकशीबाई चप्पल काढता काढता थबकल्या. "आई, तिने विचारलं, तुम्ही काय म्हणता. तुम्ही तर काहीच म्हणत नव्हता."

"अगं, ते का कुणी काय म्हणतंय म्हणून विचारतं? बरी आहेस ना, एवढंच त्यात असतं. शब्द धरून बसलीस तर माणूस निघून जाईल ना पुढे!"

बाई मटकन पायरीवर बसल्या. मशीन 'चालत नाही' असं आपणही म्हणतो, त्याला पाय कुठे असतात? आणि ते लांबलचक 'केस्क से', ते तर साधं 'हे काय?' त्यांनी पुस्तक काढलं आणि समासात प्रत्येक प्रश्नाला आधी आपला मराठी प्रश्न लिहिला, मग इंग्रजी. जेवणं होईतो सगळं पुस्तक उलगडलं.

दुसऱ्या दिवशी प्रश्न कसे लोण्यातून सुरी जावी तसे निघाले. व्हॉट इज धिस? व्हेन डिड इट स्टॉप? साहेबही खूश. अकराच्या सुमाराला मेकॅनिकने मशीनच्या पोटातून एक पिळवटलेला स्क्रू काढला, सगळ्यांपुढे धरला आणि विचारलं, "की आ तूशे आ सा?"

"हू टच्ड धिस?" चौकशीबाई म्हणाल्या.

गेल्या सोमवारी पाना घेऊन मशीनवर कोण चढलं होतं, ते साऱ्या कारखान्याने पाहिलं होतं.

साहेब घसा खाकरून हळूच म्हणाले, "बाई, हा प्रश्न जरा कालच्यासारखा लिहा ना. ते दॅट इट इज वगैरे घालून."

"कालचं चुकीचं होतं, साहेब."

"चुकीचं होतं, पण छान होतं हो."

बाईंनी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. "प्रश्न मी लिहिलाय. उत्तर तुमच्या अक्षरात असू दे."

साहेबांनी बराच वेळ पेन झटकलं. शेवटी बारीक अक्षरात 'मी' असं इंग्रजीत लिहिलं आणि स्वतःच हसत सुटले. दुपारपर्यंत लेबलं बाटल्यांच्या पोटावर आली.

निघताना मेकॅनिक खिडकीशी आला आणि त्याने काहीतरी लांबलचक विचारलं. पुस्तकात ते नव्हतं. प्रश्न आहे, एवढं सुरुवातीच्या 'एस्क'वरून कळलं. माणूस भला दिसतो, नाही कशाला म्हणा, म्हणून बाई हसून "वी, वी" म्हणाल्या.

महिन्याने मेकॅनिकचं पत्र आलं. तुमच्या घरी आठ दिवस राहायला येऊ का विचारलं, तर लगेच हो म्हणालात, त्याबद्दल आभार. मी आणि बायको पाच तारखेला पोचतो.

चौकशीबाईंनी कपाळाला हात लावला. सासूबाईंनी पत्र उलटसुलट पाहिलं, वरच्या फळीवरची जाड गादी खाली काढली आणि म्हणाल्या, "त्याच्या बायकोला विचारून घे, उशी एक लागते की दोन. आणि नीट विचार हं!"