करवली घरीच राहिली

ही गोष्ट मी गेल्या आठवड्यापर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. माझ्या पोटात एखादी गोष्ट इतकी वर्षं राहिली, यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणा. चहा ठेवला की मी सुरू होतो. माझ्या लग्नाची वरात तिगावच्या फाटकावर मालगाडीसाठी अडकली, घोडी बिचकली, मी फेट्यासकट खाली आलो — मुलांना पाठ आहे ते. पण त्या गोष्टीत माझी मोठी बहीण कुठेच नसते. कुणी विचारतही नाही. मी तरी कशाला काढू?

मधे नागपूरच्या एका कानाच्या डॉक्टरीणबाईंनी इंग्रजी प्रश्नावली पाठवली. कान वाहणाऱ्या माणसाचं रोजचं जगणं कसं चाललंय, हे विचारणारे प्रश्न. ते आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या बोलीत आणायचे होते. मी शाळेत मराठी शिकवतो, शिवाय बोलघेवडा — काम माझ्याकडे आलं. नुसतं भाषांतर करून भागत नव्हतं. प्रश्न वाचून दाखवायचा, मग म्हणायचं, आता हाच तुमच्या शब्दांत सांगा. लोकांना सांगता आला तर ठेवायचा. नाही तर बदलायचा, काढायचा.

सुरुवात ताईपासून केली. बोरगावला असते, कान लहानपणापासून वाहतो — घरचंच माणूस, सोपं जाईल, असं वाटलं. ती अंगणात संत्री निवडत बसली होती. मी ऐटीत वाचलं : कानाच्या वासामुळे लोक तुम्हाला दूर ठेवतात काय?

तिनं मान वर केली नाही. “म्हंजे असं पाय, बापू. तुह्या लग्नात करवली मी पायजे होती. तू म्हनला, ताई, घर उघडं टाकून कसं जायचं, भरोशाचं मानूस घरी पायजे. सारे वरातीत गेले अन् मी दाराचं कुलूप झाली. हेच इचारून राहिला ना?”

हेच विचारत होतो. नव्या सोयऱ्यांना वास येऊ नये म्हणूनच मी तिला घरी ठेवलं, चुलतबहिणीला करवली केलं — आणि थाप पचली असं समजत राहिलो. शहाणा मी!

पण माझी लाज तिथं संपत नाही. घरी आल्यावर मी काय केलं असेल? त्या प्रश्नापुढं लिहिलं : समजत नाही, काढावा. पुढं कुणाला तो विचारलाच नाही. डॉक्टरीणबाईंनी विश्वास ठेवला, प्रश्न यादीतून गेला. ज्यांना ज्यांना असं घरी ठेवलं असेल, त्यांना आता कुणीच विचारणार नव्हतं — कारण मला ऐकवत नव्हतं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “प्रश्न परत घालू, गुरुजी. पण सगळ्यांना पुन्हा विचारावं लागेल.” विचारतो म्हटलं. फोन ठेवला आणि सपाटून भूक लागली. किती दिवसांनी!

काल बोरगावला जाऊन ताईलाही सांगितलं. लग्नाचं ती काही बोलली नाही. पण “मले समजलं नाही, असं लिवलं तू?” — एवढं तिनं दोनदा विचारलं.

दोन्ही वेळा मी हो म्हणालो.