कोटाचं सहावं बटण

जर्मनीतल्या झोलिंगेन या सुऱ्यांच्या गावी, जुन्या वस्तूंच्या बाजारात एवाल्ड टेशेला सगळे 'भंगार' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तो ओ देई. जन्मभर विजेच्या तारेवर चालणारी बस हाकलेला माणूस, लोकांच्या बोलण्याचं त्याला काही वाटत नसे.

बाकीचे संग्राहक शाबूत सुऱ्यांच्या मागे असत. नाझींच्या काळात त्यांच्या युवक संघटनेतल्या प्रत्येक पोराच्या कमरेला लटकायची ती सुरी: काळी मूठ, मुठीत शंकरपाळ्याच्या आकाराचा लाल-पांढरा बिल्ला, बिल्ल्यात आकडेवाला क्रूस, म्हणजे नाझींचं स्वस्तिक. तो क्रूस उघडा दाखवायला बंदी, म्हणून बाजारात त्यावर चिकटपट्टी लावलेली असे. गिऱ्हाईक आलं की विक्रेता नखानं पट्टी उचलून दाखवी आणि पुन्हा दाबून बसवी.

एवाल्डला हव्या असत त्या पट्टी नसलेल्या. लढाई संपली तेव्हा गावानं हजारो सुऱ्या नदीत फेकल्या. पण ज्या घरात दुसरी सुरी नव्हती, किंवा फेकायला हात झाला नाही, तिथं लोकांनी बिल्ला उचकटून काढला, भोकात हाताला लागेल ते ठोकलं आणि तीच सुरी बटाटे सोलायला घेतली. कुणी पितळेचा तुकडा बसवला, कुणी आलुबुखाराच्या लाकडाची ढलपी. संग्राहकांच्या लेखी अशी सुरी म्हणजे बाटलेली. एवाल्डच्या स्वयंपाकघरात भिंतीवर अशा एकतीस होत्या.

"ही बघ, हिनं ससे सोललेत," तो सांगे. "आणि ही शतावरी कापायची. पाती बघ कशी झिजलीय!"

"तुझं डोकं झिजलंय," मी म्हणे.

मी इर्मा. सुऱ्यांना मुठी बसवणं हा माझ्या बापाचा धंदा, मग माझा. मोडकं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. जुनं आणून द्या, नव्यासारखं करून देईन, असा माझा लौकिक होता आणि मला त्याचा ताठाही होता. एवाल्ड दर शनिवारी एखादी सैल मूठ घेऊन येई. मी राळ तापवून ती घट्ट करी. तो खिडकीपाशी बसून माझ्या कॉफीला नावं ठेवी. तेरा वर्षं असं चाललं. माझे यजमान वारल्यावर तो शनिवार माझ्यासाठी काय होता ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

त्या सप्टेंबरात त्यानं मला त्याच्या घरी आलुबुखाराच्या केकला बोलावलं. केक करपलेला होता. मी भिंतीकडे पाहिलं. एकतीस सुऱ्या आणि मधोमध एक रिकामा खिळा.

"हा कुणासाठी राखून ठेवलायस?"

"आईच्या सुरीसाठी."

मग तो बोलत गेला. सुरी मुळात थोरल्या भावाची, रोल्फची. रोल्फ सोळाव्या वर्षी ऱ्हाइनकाठी मेला, युद्ध संपायला दोन महिने उरले असताना. त्याची सुरी आणि चांगला कोट घरीच होता. अमेरिकन गावात शिरायच्या आदल्या दिवशी शेजारीण आईला म्हणाली, "फ्रीडा, ती सुरी नदीत टाक." आईनं टाकली नाही. तिनं कात्रीच्या टोकानं बिल्ला काढला, चुलीत घातला, आणि रोल्फच्या कोटाचं एक बटण कापून कानशीनं घासत बसली. भोकात बसेपर्यंत घासलं.

"शिंगाचं बटण गं. हिरवट तपकिरी, दोन भोकांचं. घासून शंकरपाळं झालं तरी भोकं तशीच राहिली. तो कोट पुढं उलटून मला शिवला. पाच बटणांचा. शाळेत पोरं विचारायची, सहावं कुठंय? मी म्हणायचो, सुरीत आहे. हसायची. सव्वीस वर्षं आईनं त्या सुरीनं पाव कापला, पीठ खरवडलं, सगळं केलं."

"मग गेली कुठं?"

"मी दिली," एवाल्ड म्हणाला. "आई वारली तेव्हा खण रिकामा करायचा होता. भंगारवाला दारात उभा. मला त्या सुरीची लाज वाटायची. घेऊन जा म्हटलं." तो केकचा करपलेला काठ सुरीनं कापत राहिला. "सहा महिन्यांनी शोधायला लागलो. तेव्हापासून शोधतोय."

मी उरलेला केक तसाच ठेवला. दात दुखतोय असं काहीतरी सांगून मी निघाले.

माझ्या कारखान्यात फळीवर बिस्किटांचा एक डबा होता. त्या काळात, म्हणजे त्याची आई वारली त्याच सुमारास, अमेरिकेतल्या ओहायोचा एक व्यापारी इथल्या भंगारवाल्यांकडून बाटलेल्या सुऱ्या उचलून मला पाठवी, आणि सोबत पाकिटात नवे बिल्ले. मी ठोकलेले तुकडे काढून टाकी, भोक साफ करी, बिल्ला बसवी. पन्नासेक केल्या असतील. कुणाचा बिल्ला, कुणाचं घर, मी विचारलं नाही. आपण भलं, आपलं काम भलं. निघालेले तुकडे मात्र मी फेकले नाहीत. का, ते तेव्हाही कळलं नव्हतं. डब्यात टाकत गेले.

घरी आल्या आल्या मी डबा पालथा केला. शोधायला मिनिटही लागलं नाही. शिंगाचं शंकरपाळं, दोन भोकं.

मी तीन शनिवार गप्प राहिले. तो येई, कॉफीला नावं ठेवी, आणि माझं लक्ष फळीकडे. सांगितलं तर हा माणूस पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही, हे मला दिसत होतं. डबा नदीत सोडून द्यावा असंही मनात आलं. खोटं कशाला सांगू, दोनदा आलं.

चौथ्या शनिवारी मी त्याच्यासमोर डबा ठेवला. "एवाल्ड, हे मी काढलेत. माझ्या हातानं."

त्यानं आधी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे. बोट घालून एकेक तुकडा बाजूला सारत गेला. सापडलं तेव्हा त्यानं ते उचललं नाही, नुसतं बोट ठेवलं.

"सुरी?"

"अमेरिकेत. नवा बिल्ला घालून."

"म्हणजे तिकडं कुणाच्यातरी काचेच्या कपाटात माझ्या आईची सुरी आहे," तो सावकाश म्हणाला, "आणि त्याला वाटतंय ती अजून रोल्फसारख्या कुणा पोराच्या कमरेची आहे."

"मला माहीत नव्हतं रे."

"तू विचारलं नव्हतंस." त्यानं बटण रुमालात बांधलं. "चांगलं काम करतेस तू, इर्मा. कुणाला कळणार पण नाही." आणि तो गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ऑक्टोबर गेला. नोव्हेंबर निम्मा गेला. मी दर शनिवारी दोन कप मांडी आणि दुपारी त्यातला एक परत फडताळात ठेवी. बाजारात तो दिसे, मान हलवी, पुढं जाई. एकदा कुणीतरी त्याला "काय भंगार, इर्माशी बिनसलं वाटतं!" असं म्हणालं. त्यानं ओ दिली नाही.

नोव्हेंबरअखेरच्या शनिवारी दार वाजलं. एवाल्ड काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन उभा होता. आत आला, खिडकीपाशी बसला आणि पुडकं सोडलं. आठ वर्षांच्या पोराचा करडा कोट. पाच बटणं. सहाव्या जागी नुसतंच काज. त्यानं रुमालातून बटण काढून कोटावर ठेवलं.

"सुरी काही येत नाही आता," तो म्हणाला. "तू काढलंस, तूच लाव."

मी सुई ओवली. दोरा पहिल्या खेपेला गेला. बटणाची दोन्ही भोकं भरून गेली होती. राळ, आणि राळेवर सव्वीस वर्षांचं चिकट, तपकिरी, दगडासारखं वाळलेलं काहीतरी. माझ्या हाताला एकच सवय. मी टोचणी उचलली आणि भोक साफ करायला वाकले.

एवाल्डनं माझं मनगट धरलं.

"ते आईचं पीठ आहे," तो म्हणाला. "आता पुन्हा नीट करू नकोस, इर्मा."

मी टोचणी खाली ठेवली. त्या पिठातूनच सुई घातली. जाईना. अंगठा दुखेपर्यंत दाबावी लागली. तो शेजारी बसून बघत होता. मी चौथा टाका घालत होते तेव्हा त्यानं कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.